नडगी दुखते म्हणून ग्राउंड सोडायचं का?

पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या वस्त्या पहाटे चारलाच जाग्या होतात. परभणीत कृषी विद्यापीठाच्या रस्त्यांवर, स्टेडियमवर, जिंतूर-गंगाखेडकडे जाणाऱ्या डांबरी सडकेच्या कडेनं पोरं-पोरी पळताना दिसतात. खेड्यात तर रानाच्या धुऱ्यावरूनसुद्धा पळतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात भावाचे जुने बूट, कुणी अनवाणी. आणि दोन-तीन आठवडे झाले की त्यातली बरीच लेकरं लंगडायला लागतात. घरी सांगत नाहीत. सांगितलं तर आई म्हणेल, राहू दे बाई, मोड पाय आणि बस घरात. आणि अकॅडमीत सांगितलं तर सर म्हणतील, पळून पळून मोकळं होतंय.

दोघांचंही चुकतंय. म्हणून हा लेख.

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे लेकरू दुखणं का लपवतं ते कळेल. भरतीत आधी मैदानी चाचणी असते, ५० गुणांची. मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावायचं, त्याला २० गुण. १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलीनं ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांच्या आत काढलं तर पूर्ण २० गुण. मुलानं सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत काढलं तर पूर्ण २०. त्यापुढं काही सेकंद उशीर झाला की गुण कमी होत जातात. ग्राउंड निघालं नाही तर लेखी परीक्षेची पायरीच चढता येत नाही. म्हणजे अभ्यासिकेत दोन वर्षं बसून पाठ केलेलं सगळं पायाच्या एका हाडावर टांगलेलं असतं. ज्या घरात बाप सेंट्रिंगच्या कामाला आणि आई धुण्याभांड्याला जाते, अकॅडमीची फी शेळी विकून भरलेली असते, त्या घरातली पोरगी नडगी दुखते म्हणून रडत बसत नाही. ती दात आवळून पळते. तिचं धाडस मला कळतं. पण हाडाला धाडस कळत नाही.

गेल्या काही वर्षांत मी वस्तीत पाहिलेल्या दुखण्यांत सगळ्यात जास्त दुखणं नडगीचंच. गुडघ्याच्या खाली, पुढचं हाड, त्याची आतली कड. पळायला सुरुवात केली की दुखतं, अंग तापलं की जरा कमी होतं, थांबलं की पुन्हा ठणकतं. बोटांनी दाबत गेलं तर चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखतं. हे हाड मोडलेलं नसतं. हाडाच्या वरच्या आवरणावर आणि हाडावर जेवढा मार रोज बसतो, तेवढी दुरुस्ती रात्रीत होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. हाड हे लाकूड नाही, ते जिवंत आहे. पळलं की ते थोडं झिजतं आणि आराम मिळाला की आधीपेक्षा घट्ट भरतं. पण भरायला वेळ लागतो. वर्षभर अभ्यासिकेत बसलेली पोरगी जाहिरात आल्यावर एकदम रोज पाच-पाच किलोमीटर डांबरावर पळायला लागली, तर दम महिन्याभरात वाढतो, पण हाड तेवढ्या वेगानं घट्ट होत नाही. दम पुढं जातो, हाड मागं राहतं.

इथंच थांबून पळणं निम्म्यावर आणलं, मातीवर आणलं, एक दिवसाआड केलं, तर हे दुखणं दोन ते सहा आठवड्यांत उतरतं. नाही आणलं तर पुढची पायरी म्हणजे हाडाला केसासारखी बारीक भेग.

भेगेचं दुखणं वेगळं असतं. ते पट्ट्यात नसतं, एका ठिकाणी असतं. बोट ठेवलं की पोरगी पाय ओढून घेते. अंग तापल्यावर कमी होण्याऐवजी वाढतं. पुढं चालतानाही दुखतं आणि रात्री अंथरुणावर ठणकतं. एका पायावर उडी मारायला सांगितली तर मारवत नाही. ही लक्षणं दिसली की त्या दिवसापासून पळणं बंद. निम्मं नाही, पूर्ण बंद. साधारण सहा ते आठ आठवडे. आणि एक गोष्ट आईबापांनी नीट लक्षात ठेवावी. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही भेग एक्स-रेमध्ये बहुतेक वेळा दिसतच नाही. एक्स-रे साफ आला म्हणून लेकरू नाटक करतंय असं समजू नका.

मी हे का सांगते? एका वस्तीतली मुलगी, आठशे मीटरला हमखास पूर्ण गुण घेणारी. तिची नडगी दुखायला लागली. एक्स-रे काढला, साफ आला. मग कुणीतरी मेडिकलवरून पुडीत बांधलेल्या गोळ्या आणून दिल्या. गोळी खाऊन ती पळाली, छान पळाली, दुखलंच नाही. आजीनं मायेनं बिब्बा लावला, तर नडगीवर हे एवढे फोड. तीन आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला तेव्हा भेग स्पष्ट दिसली, आणि ग्राउंडची तारीख बारा दिवसांवर होती. त्या वर्षीचं ग्राउंड गेलं. तिच्या आईनं मला विचारलं, ताई, पोरीचं आता संपलं का? संपलं नाही. मागासवर्गीय उमेदवारांना या भरतीत ३३ वर्षांपर्यंत वयाची सवलत आहे आणि ती मुलगी तेव्हा २२ वर्षांची होती. पण हा हिशेब कुणीतरी त्या घरात बसून सांगावा लागतो. नाहीतर पहिलं ग्राउंड गेलं की त्याच उन्हाळ्यात स्थळं बघायला सुरुवात होते.

त्या पुडीबद्दल बोलायलाच हवं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या दुखणं झाकतात, हाड जोडत नाहीत. दुखणं ही शरीराची घंटा आहे. गोळी घंटेला कापड गुंडाळते, आग तशीच राहते. त्यात परभणीचा उन्हाळा. घामानं अंगातलं पाणी गेलेलं, पोट रिकामं, आणि त्यावर ही गोळी घेऊन पळणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. पुडीतल्या गोळ्यांत कधी कधी स्टेरॉइडही असतं. त्याची भूक लागते, अंगात तरतरी येते, पोरांना वाटतं ताकद आली. ग्राउंडच्या सकाळी इंजेक्शन घेऊन पळणारीही मुलं मी पाहिली आहेत. कृपा करून हे करू नका. ताप किंवा ठणका असेल तर साधी पॅरासिटामॉल, तीही जेवून आणि डॉक्टरांना विचारून. पुडीत काय आहे हे देणारा सांगत नसेल तर ती घेऊ नका.

आता आपल्या मराठवाड्यातल्याच एका माणसाकडे बघा. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. तिथला अविनाश साबळे. शेतमजुरी करणारं कुटुंब, लहानपणी शाळेसाठी रोज कित्येक किलोमीटरची पायपीट. बारावीनंतर तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. १९४१ साली उभ्या राहिलेल्या या रेजिमेंटचं नाव आपल्या घरांत वेगळ्या अभिमानानं घेतलं जातं, ते वेगळं सांगायला नको. सियाचीनच्या बर्फात आणि राजस्थानच्या वाळवंटात ड्युटी केल्यावर तो धावण्याकडे वळला. त्याची शर्यत ३००० मीटर स्टीपलचेस. साधं पळणं नाही, वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरून उडी.

२०१८ साली त्याच्या घोट्याला दुखापत झाली आणि त्या वर्षीच्या जकार्ताच्या आशियाई स्पर्धेला तो मुकला. तेवीस वर्षांच्या खेळाडूला ही गोष्ट किती लागली असेल! पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भुवनेश्वरला त्यानं ८ मिनिटं २९.८० सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि गोपाळ सैनी यांचा १९८१ पासूनचा, ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो अकरावा आला.

मग ११ जुलै २०२५. मोनॅकोची डायमंड लीग. शर्यतीच्या सुरुवातीलाच पाण्याच्या अडथळ्यापाशी तो अडखळून पडला आणि शर्यत सोडून द्यावी लागली. गुडघ्यातला एसीएल नावाचा स्नायुबंध आणि मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातली गादी, दोन्हींना इजा. मुंबईत शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमधल्या टोकियोच्या जागतिक स्पर्धेसाठी तो पात्र ठरलेला होता, ती सोडावी लागली. ती स्पर्धा सुरू झाली १३ सप्टेंबरला. त्याच दिवशी त्याचा एकतिसावा वाढदिवस होता.

इथं एक फरक समजून घ्या. २०१८ चं दुखणं काही महिन्यांत मागं पडलं. २०२५ चं तसं नाही. गुडघ्याच्या आत दोन दोऱ्या फुलीसारख्या बांधलेल्या असतात. पुढची दोरी पूर्ण तुटली तर ती सहसा आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रियेत त्या माणसाच्याच मांडीची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची नस घेऊन नवी दोरी बसवतात. ती नवी दोरी घट्ट व्हायला महिने जातात. साधारण नऊ महिन्यांच्या आत जोराच्या खेळाला परतू नये असं डॉक्टर सांगतात, आणि त्या नऊ महिन्यांत रोजची फिजिओथेरपी हीच खरी शस्त्रक्रिया असते. आपल्याकडे ही दोरी पळण्यापेक्षा कबड्डीत जास्त तुटते. पाय जमिनीवर रोवलेला, अंग फिरलं, गुडघ्यातून ‘पट’ असा आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, आणि नंतर जिना उतरताना गुडघा निसटल्यासारखा वाटतो, अशी हकीकत मुलानं सांगितली तर हाडवैद्याकडे ओढून घेऊ नका. ओढल्यानं गादीही फाटेल. जिल्हा रुग्णालयाच्या हाडांच्या ओपीडीत न्या, आणि शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. कर्ज नंतर काढा.

घोटा मुरगळणं मात्र रोजचंच. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की पहाटेच्या अंधारात पाय भेगेत गेला की संपलं. मुरगळला की प्रश्न एकच, हाड मोडलं का? यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ साली सोपी खूण सांगितली, ती आम्हा नर्सेसना फार उपयोगी पडते. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडाची गाठ असते, तिच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखतंय का? मुरगळल्या मुरगळल्या आणि दवाखान्यात आल्यावर चार पावलं टाकता येतात का, लंगडत का होईना? गाठीवर दुखतंय किंवा चार पावलंही टाकवत नाहीत, तर एक्स-रे हवा. पायाच्या मधल्या भागातल्या हाडांवर दाबून दुखलं तरी हवा. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता अगदी कमी.

मग करायचं काय? चोळायचं नाही. पहिले दोन-तीन दिवस मालिश, शेक, बिब्बा, डाग, काही नाही. आत रक्त साकळलेलं असतं, चोळलं की ते आणखी पसरतं. बिब्ब्यानं कातडी जळते आणि त्यातून जंतू शिरतात. आंबेहळदीचा लेप आजीला लावायचाच असेल तर लावू द्या, त्यानं बिघडत नाही, फक्त चोळून नको. पायाला बोटांकडून वर पोटरीकडे क्रेप बँडेज बांधा. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सैल करा. रात्री पाय उशीवर उंच ठेवा. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दुखणं कमी व्हावं एवढ्यापुरता. आराम, बर्फ, आवळपट्टी आणि पाय उंच, हा मंत्र १९७८ साली अमेरिकेतल्या डॉ. गेब मिरकिन यांनी पुस्तकातून सांगितला आणि जगभर पसरला. आम्हीही डिप्लोमाला तोच शिकलो. पण पुढं कित्येक वर्षांनी त्यांनी स्वतःच सांगितलं की सारखा बर्फ आणि पूर्ण आराम यानं बरं होणं लांबतं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो. विज्ञान असंच असतं, पुरावा आला की स्वतःचं म्हणणं बदलायला लाजत नाही. म्हणून आज सांगतात की दोन-तीन दिवसांनी, दुखेल न दुखेल एवढं पाऊल टाकायला लागा. घोटा हवेत गोल फिरवा. आठवड्याभरानं भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहायची सवय करा, आधी अर्धा मिनिट, मग डोळे मिटून. ही एका पायाची कसरत कंटाळवाणी आहे आणि बहुतेक मुलं ती सोडून देतात. पण तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळू नये म्हणून याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही.

पळणं बंद म्हणजे तयारी बंद नव्हे. नडगी किंवा घोटा दुखत असताना सायकल चालवता येते. दम टिकवायला सायकल पुरते, फक्त पायडल मारताना दुखता कामा नये. गोळाफेकीचे १५ गुण असतात, पण पोरं त्याची तयारी शेवटच्या आठवड्यात करतात. पाय दुखत असेल तर बसून फेकायचा सराव करा, खांदा आणि पोट घट्ट करा. विहाराच्या पायरीवर उभं राहून टाचा हळू वर-खाली करायच्या, त्यानं पोटरी बळकट होते. पोटरी बळकट झाली की नडगीवरचा मार कमी होतो. हे भेगेच्या दुखण्यात मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका.

पुन्हा पळायला कधी लागायचं? साधी परीक्षा आहे. अर्धा तास भरभर चालून दुखलं नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखलं नाही, तर एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आळीपाळीनं वीस मिनिटं. पुढच्या दिवशी पळू नका. दुखलं नाही तर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. दुखलं तर एक पायरी मागं. वेगाचा सराव सगळ्यात शेवटी. घड्याळ लावून पळायची घाई हीच पुन्हा दुखापत होण्याची मोठी वाट आहे.

आता मुलींच्या आयांशी थोडं बोलते. वडील वाचत असतील तर त्यांनीही वाचावं, यात लपवण्यासारखं काही नाही. पोरगी खूप पळते, कमी खाते, वजन उतरतं आणि पाळी बंद होते. आया म्हणतात, बरं झालं, भरतीपुरती कटकट गेली. ही कटकट नाही. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, तर शरीर सांगतंय की पळायला जेवढं लागतं तेवढं पोटात येत नाही. अशा वेळी हाडंही कमजोर होतात, आणि नडगीची भेग अशाच मुलींना आधी पडते. डॉक्टरांना दाखवा आणि ताट वाढवा. सकाळी उपाशी पळायला पाठवू नका, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा तरी द्या. पळून आल्यावर अंडं. भाकरीबरोबर तीळ-जवसाची चटणी, डाळ, पालेभाजी. जमेल तेव्हा सुकट-बोंबील आणि बोकडाचं काळीज, त्यासारखं लोह दुसऱ्या कशात नाही. पोरगी मैदानावरून येते आणि मटणातले बरे तुकडे भावाच्या ताटात जातात, हे मी अजूनही बघते. तिच्याही ताटात पडू द्या.

हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. मोठ्या मुलीला १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. आठशे मीटरला शेवटच्या फेरीत दम तुटतो तो दर वेळी सरावाचा दोष नसतो. शाळा-अंगणवाडीत मिळणारी निळी लोहाची गोळी १९ वर्षांपर्यंतच्या मुलींसाठी असते. तिच्यापेक्षा मोठ्या मुलीनं उपकेंद्रात सिस्टरला किंवा आशाताईला विचारावं. गोळीवर लगेच चहा नको, लिंबू पिळलेलं चालेल.

आपल्या परभणीचीच ज्योती गवते. १५ जानेवारी २०१७ ला मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली, ४२ किलोमीटरच्या वर अंतर २ तास ५० मिनिटं ५३ सेकंदांत. त्यानंतर २०१८, २०१९ आणि २०२० ला लागोपाठ दुसरी. पहिल्या क्रमांकाचं सगळे सांगतात. मला ते चार वर्षांचं सलग येणं जास्त मोठं वाटतं. एक वर्ष जोरात पळता येतं, पण चार वर्षं त्याच रेषेवर उभं राहायचं तर वर्षभर शरीर सांभाळावं लागतं. भरतीच्या पोरींना मी हेच सांगते की ज्योतीची वेळ बघू नका, तिची वर्षं मोजा.

बुटांचं एक राहिलं. भारी कंपनीचे नको. टाच झिजून एका बाजूला कलली असेल ते बूट मात्र टाकून द्या, आणि उसने बूट आपल्या मापाचे नसतील तर घालू नका. भरतीच्या दिवशी नवे कोरे बूट घालून जाऊ नका, किमान पंधरा दिवस आधी वापरून घ्या. अनवाणी पळायची सवय असेल तर मातीवर ठीक, डांबरावर नको. डांबरी सडकेला कडेला उतार असतो, सदा एकाच बाजूनं पळाल तर एकाच पायावर भार येतो. जाताना एक बाजू, येताना दुसरी, पण अंधारात गाड्यांकडे तोंड करून पळणंच सुरक्षित, त्यामुळं जमेल तिथं सडक सोडून मैदान धरा.

अकॅडमीवाल्या सरांना एक विनंती. रोज पळायला लावण्याऐवजी आठवड्यातून दोन दिवस तरी मैदानाबाहेरची तयारी ठेवा, आणि सरावानंतर एकदा रांगेतल्या प्रत्येकाला विचारा, कुठं दुखतंय का. एकट्याला विचारलं तर कुणी सांगणार नाही. सगळ्यांना विचारलं की पहिला हात वर होतो, मग दुसरा, मग मागची मुलगीही सांगते.